करार दोघांचा, बिल तिसऱ्याचे

नागपुरातल्या नंदनवन वस्तीत राहणाऱ्या माणसाला मोठे दुखणे आले की दोन वाटा दिसतात. एक 'मेडिकल'ची. १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय इथून दोन-तीन किलोमीटरवर आहे. उमरेड-भिवापूरपासून गडचिरोली-गोंदियापर्यंतचे रुग्ण तिथल्या ओपीडीत रांग लावतात. दुसरी वाट धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांची. नंदनवनच्या ले-आउटांमध्ये नोकरदार, शिक्षक, निवृत्त कर्मचारी, छोटे दुकानदार राहतात. दुसऱ्या वाटेचा खर्च पेलावा म्हणून त्यांतली कितीतरी कुटुंबे दरवर्षी हप्ता भरून आरोग्य विम्याची पॉलिसी चालू ठेवतात.

त्या पॉलिसीवर कुटुंबातल्या कुणाची तरी सही असते. पण ऑपरेशनचे पॅकेज किती रुपयांचे, खोली कोणत्या दर्जाची, कॅशलेस मिळणार की आधी पैसे भरावे लागणार, हे ठरते दुसऱ्याच कागदावर. तो कागद म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यातला करार. रुग्णाने तो पाहिलेला नसतो आणि त्याला तो कुणी दाखवतही नाही. गेल्या पंचवीस वर्षांत भारतातल्या आरोग्य विम्याची बरीचशी मोठी भांडणे या कागदाभोवती झाली. त्यांतले एक नागपुरातच न्यायालयात लढले गेले. या करारात स्पर्धेचे नियम कोणी घालायचे, हा प्रश्न त्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

गिरणीपासून मेडिक्लेमपर्यंत

नागपूरला आरोग्य विमा नवा नाही. कामगार राज्य विमा योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती नागपुरात आली. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली एम्प्रेस मिल आणि तिच्या जोडीची मॉडेल मिल यांवर शहरातली हजारो घरे चालत होती. कामगाराच्या पगारातून आणि मालकाकडून वर्गणी जमायची आणि योजनेच्याच दवाखान्यांत, रुग्णालयांत उपचार व्हायचे. पैसा देणारा आणि उपचार करणारा एकाच सरकारी व्यवस्थेत असल्यामुळे दराची घासाघीस कुणी कुणाशी करायची, हा प्रश्नच उठला नाही. पण योजनेचे दार फक्त ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांना उघडे होते.

बाहेर राहिलेल्या मध्यमवर्गासाठी सोय व्हायला तीन दशके लागली. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा कंपन्यांच्या जागी चार सरकारी कंपन्या आल्या: नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. याच कंपन्यांनी १९८६ मध्ये 'मेडिक्लेम' आणला. त्याची रीत साधी होती. रुग्णालयाने बिल करायचे, रुग्णाने ते भरायचे आणि मग फाइल घेऊन विमा कंपनीच्या कार्यालयात जायचे. करार पॉलिसीधारक आणि कंपनी यांच्यात होता. रुग्णालयाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

या रीतीत एक मोकळीक होती आणि एक मोठी अडचण. रुग्ण हवे ते रुग्णालय निवडू शकत होता. पण ज्याच्या हाती रोख नाही, त्याला विमा असूनही दागिने गहाण ठेवावे लागत. विम्याचे पैसे मिळायचे ते दुखणे सरल्यावर.

कॅशलेस आले, करार आला

१९९३ साली नेमलेल्या मल्होत्रा समितीने विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करण्याची शिफारस केली. १९९९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला. २००१ मध्ये प्राधिकरणाने 'थर्ड पार्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजे टीपीएसाठी, कंपनीच्या वतीने दाव्यांचे काम पाहणाऱ्या मध्यस्थांसाठी, नियमावली काढली आणि कॅशलेसचे युग सुरू झाले. रुग्णाने कार्ड दाखवायचे, रुग्णालयाच्या टीपीए डेस्कने प्री-ऑथची म्हणजे पूर्वमंजुरीची विनंती पाठवायची, मंजुरी आली की उपचार सुरू. दागिने गहाण ठेवण्याची वेळ टळली, ही या बदलाची मोठी पुण्याई, आणि ती मान्य केलीच पाहिजे.

पण कॅशलेससाठी कंपनीला रुग्णालयाशी थेट व्यवहार करावा लागला आणि तिथे करार आला. त्यात प्रत्येक शस्त्रक्रियेचे पॅकेज, सवलतीची टक्केवारी, पैसे किती दिवसांत द्यायचे, कंपनीने रुग्णालयाला यादीतून कधी काढायचे, हे सगळे लिहिलेले असते. कंपनी रुग्णांचा ओघ देऊ करते, रुग्णालय दर कमी करते. अशी घासाघीस चांगली झाली तर हप्ता आटोक्यात राहतो आणि रुग्णाचे भले होते.

हे भले दोन्ही बाजूंचे बळ सारखे असेल तरच होते. पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होमसमोर मोठी विमा कंपनी उभी राहिली की डॉक्टर मिळेल त्या दरावर सही करतो, नाहीतर यादीबाहेर राहतो. मग परवडत नाही म्हणून खर्च दुसरीकडून भरून काढायचा मोह होतो. उलट शहरात ज्या रुग्णालयाला पर्याय नाही, अशी मोठी साखळी समोर आली की कंपनी नमते आणि वाढलेला दर पुढच्या वर्षीच्या हप्त्यात उतरतो. दोन्ही वेळा किंमत मोजतो तो टेबलावर नसलेला तिसरा माणूस.

त्याच काळात दिल्लीत दुसरा एक कायदा घडत होता. १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधित व्यापार प्रथा कायदा जुना झाला होता. राघवन समितीच्या अहवालानंतर २००२ चा स्पर्धा कायदा आला आणि त्यातली मुख्य कलमे २० मे २००९ पासून लागू झाली. कलम ३ नुसार एकाच धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने किमती ठरवणे गैर मानले जाते. त्यात विक्रीच्या किमतीबरोबर खरेदीच्या किमतीचाही स्पष्ट उल्लेख आहे. धंद्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर असलेल्यांचे करार मात्र आपोआप गैर ठरत नाहीत. त्यांनी स्पर्धेला खरोखर बाधा आली का, हे तपासावे लागते. विमा कंपनी आणि रुग्णालय यांचा करार या दुसऱ्या प्रकारात येतो.

असे दोन कायदे शेजारी शेजारी उभे राहिले. विमा प्राधिकरण कंपनीची पत आणि पॉलिसीधारकाचे हित पाहते, स्पर्धा आयोग बाजार पाहतो. रुग्णालये यांपैकी प्राधिकरणाच्या थेट हुकमतीत येत नाहीत, कारण राज्यघटनेत विमा केंद्राच्या सूचीत आहे, तर सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्याच्या. करार नेमका या सीमारेषेवर पडला.

१ जुलै २०१०

करार असा सीमारेषेवर राहिल्याचा पहिला मोठा फटका २०१० मध्ये बसला. तीन वर्षांपूर्वी, १ जानेवारी २००७ पासून, आगीच्या आणि इंजिनिअरिंगच्या विम्यावरचे ठरीव दर उठले होते. तोवर विमा कंपन्या त्या धंद्यातल्या नफ्यातून, उद्योगांनी कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या समूह आरोग्य विम्याचा तोटा सोसत होत्या. तो नफा आटला आणि आरोग्य विम्याचा तोटा उघडा पडला. रुग्णाकडे विमा आहे म्हटले की काही रुग्णालये बिल फुगवतात, अशी कंपन्यांची जुनी तक्रार होती. चारही सरकारी कंपन्यांनी मिळून एक यादी केली. ठरलेल्या पॅकेजला राजी होणारी रुग्णालये यादीत राहिली, बाकीच्यांची कॅशलेस सोय १ जुलै २०१० पासून बंद झाली. दिल्ली परिसर, मुंबई, चेन्नई आणि बंगळुरू या शहरांत हे एकाच दिवशी घडले. नामवंत मोठी रुग्णालये यादीबाहेर गेली.

दाखल झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना पैशांची जुळवाजुळव करावी लागली. प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयातही गेले. पुढे एकेक रुग्णालय दराला राजी होऊन यादीत परत आले. ठरलेल्या दराच्या रुग्णालयांची यादी 'पीपीएन' आणि चार कंपन्यांची संघटना 'जिप्सा' हे शब्द तेव्हापासून रुग्णालयांच्या हिशेब विभागात रुळले.

चार कंपन्यांनी एकत्र येऊन खरेदीचा एकच दर ठरवावा का, हा खरा प्रश्न होता. कंपन्यांचे म्हणणे असे, की आम्ही एकत्र आलो म्हणून तर दर खाली आले. त्यात तथ्य होते. पण ज्या चार दुकानांनी ग्राहकासाठी आपसांत चुरस करायची, त्यांनीच एकच यादी केली की ग्राहकाला एका कंपनीकडून दुसरीकडे जाण्यात अर्थ उरत नाही. हाही मुद्दा तितकाच खरा होता.

चार सरकारी कंपन्या म्हणजे एकच मालक की चार स्पर्धक, याचे उत्तर केरळमधल्या प्रकरणात मिळाले. गरीब कुटुंबांसाठीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेच्या केरळ सरकारच्या निविदेत या चौघींनी आपसांत ठरवून बोली लावली, असा ठपका स्पर्धा आयोगाने जुलै २०१५ मध्ये ठेवला. आमचा मालक एकच, म्हणजे भारत सरकार, असा बचाव कंपन्यांनी केला होता. आयोगाने तो मानला नाही आणि चौघींवर मिळून सुमारे ६७१ कोटी रुपयांचा दंड लावला. अपील न्यायाधिकरणाने २०१६ च्या अखेरीस संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड सुमारे दोन कोटींवर आणला. सरकारी असले तरी स्पर्धेचा नियम चुकत नाही, हे तत्त्व मात्र त्यातून पक्के झाले.

रुग्णालयांच्या बाजूलाही तोच नियम लागू होतो. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी सभासदांवर बंधने घातली तेव्हा आयोगाने त्यांना दोषी धरले आहे. २०१२ मधले गोव्याच्या संघटनेचे प्रकरण हे त्यातलेच. संघटना करणे हा हक्क आहे, पण संघटनेने एकत्र दर ठरवणे किंवा एकत्र बहिष्कार टाकणे ही वेगळी गोष्ट आहे.

सरकार स्वतः खरेदीदार

याच काळात महाराष्ट्रात एक तिसरा खेळाडू उतरला. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली त्यात होते, नागपूर नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि त्याचा समारंभ नागपुरात सोनिया गांधी यांच्या हस्ते झाला. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरच्या कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण आणि साडेनऊशेहून अधिक उपचार ठरीव पॅकेजमध्ये मिळणार होते. कुटुंबामागे ३३३ रुपये हप्ता राज्य सरकार नॅशनल इन्शुरन्सला देत होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले. पुढच्या वर्षी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली.

अशा सरकारी योजनांतला दर सरकारने जाहीर केलेला असतो, तो गुप्त नसतो. दर परवडत नाही म्हणून अनेक खासगी रुग्णालये कुरकुरत राहिली, पण रुग्णाला निदान कळते की आपल्या उपचाराची ठरलेली रक्कम काय. खासगी विम्यात तीच माहिती कराराच्या पोटात राहते.

नागपूर खंडपीठासमोर

मग २०२० साल उजाडले. मार्चमध्ये नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये कोविडच्या कामाला जुंपली गेली आणि इतर रुग्णांना खासगी रुग्णालयांशिवाय जागा उरली नाही. बिलांच्या तक्रारी वाढल्या. राज्य सरकारने ३० एप्रिल आणि २१ मे २०२० रोजी अधिसूचना काढल्या. खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दराखाली आणल्या. कोविड रुग्णासाठी साध्या विलगीकरण वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० असे कमाल दर ठरले.

कोविड नसलेल्या रुग्णांसाठीही दराची मर्यादा घालण्यात आली, आणि इथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. ती मर्यादा ठरवताना सरकारने आधार घेतला तो विमा कंपन्यांशी रुग्णालयांनी केलेल्या करारांचा, त्यातही जिप्साच्या पॅकेजांचा. २०१० मध्ये चार कंपन्यांनी सुरू केलेली दरांची खासगी पद्धत दहा वर्षांनी सर्व नागरिकांसाठी सरकारी मोजमाप झाली. विमा नसलेल्या माणसालाही विमा कंपनीच्या दरात उपचार मिळावेत, हा त्यामागचा हेतू न्याय्य होता. एकाच खाटेवर, एकाच शस्त्रक्रियेसाठी, कार्ड असलेल्याला एक दर आणि रोख मोजणाऱ्याला त्याहून चढा दर का, हा प्रश्न सरकारने प्रथमच उघडपणे विचारला होता.

रुग्णालये याला तयार नव्हती. त्यांचा युक्तिवाद असा, की विमा कंपनीला दिलेला सवलतीचा दर हा रुग्णसंख्येच्या हमीवर दिलेला असतो आणि तो सगळ्यांवर लादला तर छोटी रुग्णालये तग धरणार नाहीत. नागपुरातल्या रुग्णालयांच्या संघटनेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल लागला. साथरोगाचा १८९७ चा कायदा, आपत्ती व्यवस्थापनाचा २००५ चा कायदा, शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा, यांपैकी कशातूनही बिगरकोविड रुग्णांचे दर ठरवण्याचा अधिकार राज्याला मिळत नाही, असे खंडपीठाने म्हटले आणि अधिसूचना तेवढ्यापुरत्या रद्द केल्या.

हा निकाल रुग्णांच्या विरोधात गेला, असे तेव्हा अनेकांना वाटले. मला तो वेगळा दिसतो. नागरिकाच्या व्यवसायावर बंधन घालायचे तर त्यामागे विधिमंडळाने केलेला कायदा हवा आणि तसा कायदा महाराष्ट्राने केलेला नाही, हे खंडपीठाने दाखवून दिले. उणीव न्यायालयाच्या निकालात नव्हती, कायद्याच्या पुस्तकात होती.

त्यानंतरची पाच वर्षे

उणीव भरण्याचे प्रयत्न झाले, पण तुकड्यातुकड्यांनी. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद आणि १५ सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. २०२३ मध्ये स्पर्धा कायद्यात दुरुस्ती झाली. प्रतिस्पर्ध्यांच्या संगनमताला मध्यस्थ म्हणून हातभार लावणारा, मग तो त्या धंद्यात नसला तरी, आता जबाबदार धरता येतो. अनेक कंपन्यांचे आणि अनेक रुग्णालयांचे काम एकाच वेळी पाहणाऱ्या मध्यस्थांच्या बाबतीत ही दुरुस्ती महत्त्वाची आहे.

जानेवारी २०२४ मध्ये विमा कंपन्यांच्या परिषदेने 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' जाहीर केले. यादीत नसलेल्या रुग्णालयातही, ठरलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी कळवल्यास, कॅशलेस मिळावे ही कल्पना. मे २०२४ मध्ये प्राधिकरणाने प्री-ऑथचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत देण्याचा आदेश काढला. उशिरामुळे खोलीभाडे वाढले तर ते कंपनीने भागधारकांच्या पैशातून सोसायचे. डिस्चार्ज कार्ड तयार असूनही मंजुरीसाठी दिवसभर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना या आदेशाचे मोल वेगळे सांगायला नको.

तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर भारतात जुनेच नाटक पुन्हा रंगले. या वेळी पहिला डाव रुग्णालयांचा होता. दर वर्षानुवर्षे वाढवले नाहीत, असे सांगत रुग्णालयांच्या राष्ट्रीय संघटनेने १ सप्टेंबरपासून बजाज अलायन्झच्या पॉलिसीधारकांचे कॅशलेस थांबवण्याचा सल्ला सभासदांना दिला. चर्चेनंतर तो मागे घेतला गेला. २०१० मध्ये कंपन्या एकत्र आल्या होत्या, २०२५ मध्ये रुग्णालये. दोन्ही वेळा ओलीस ठेवला गेला तो हप्ता भरलेला रुग्ण.

इतरांनी काय केले

अमेरिकेत हाच झगडा आपल्याआधी झाला आणि तिथे उत्तर करारातल्या कलमांत शोधले गेले. उत्तर कॅलिफोर्नियातल्या सटर हेल्थ या साखळीवर आरोप होता, की घ्यायची तर आमची सगळी रुग्णालये घ्या, नाहीतर एकही नाही, अशी अट ती विमा कंपन्यांवर लादते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये साखळीने ५७ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे आणि ही अट सोडण्याचे मान्य केले. मिशिगनमध्ये दोष उलट बाजूचा होता. तिथल्या सर्वांत मोठ्या विमा कंपनीने रुग्णालयांकडून लिहून घेतले होते, की दुसऱ्या कंपनीला आमच्यापेक्षा स्वस्त दर द्यायचा नाही. २०१० मध्ये संघराज्य सरकारने खटला भरला आणि २०१३ मध्ये राज्याने कायदा करून असे कलमच बंद केले. टेक्सासने २०२३ मध्ये एका कायद्यात चार प्रकारची कलमे मोडीत काढली. स्वस्त रुग्णालयाकडे रुग्णाला वळवायला मनाई करणारी, रुग्णालयांची प्रतवारी करू न देणारी, दर उघड करायला बंदी घालणारी आणि सर्वांत कमी दराची हमी मागणारी.

या कायद्यांनी एकही दर ठरवला नाही. दर ठरवताना कोणती दांडगाई चालणार नाही, एवढेच त्यांनी सांगितले. आपल्याकडे आजवर दराच्या आकड्यावर भांडण झाले, अटींकडे कुणी पाहिले नाही.

काम विधिमंडळाचे

१९५३ च्या नागपूर करारामुळे राज्याच्या विधिमंडळाचे एक अधिवेशन सहसा दरवर्षी नागपुरात भरते. ज्या सिव्हिल लाइन्समध्ये खंडपीठाने कायद्याचा आधार नाही असे म्हटले, तिथेच कायदा करणारे सभागृहही आहे. विम्यावर कायदा करणे राज्याच्या हाती नाही. पण रुग्णालयाच्या नोंदणीला अटी घालणे नक्कीच आहे. विमा कंपनीशी केलेल्या पॅकेजांचे दर रुग्णाला दाखल होतानाच लेखी द्यावेत. दर गुप्त ठेवण्याची अट करारात असू नये. रोख भरणाऱ्याला चढा दर लावायचा असेल तर त्याचे कारण नोंदवावे. करार मोडला तरी दाखल असलेल्या आणि उपचार सुरू असलेल्या रुग्णाचे कॅशलेस त्या उपचारापुरते चालू राहावे. एवढे चार नियम राज्य करू शकते.

केंद्राकडे उरते ते दुसरे निम्मे काम. कंपन्यांनी एकत्र येऊन दर ठरवायचा असेल तर तो स्पर्धा आयोगाच्या तपासणीतून जावा. रुग्णालयांच्या संघटनेला छोट्या नर्सिंग होमच्या वतीने बोलायचे असेल तर त्याचीही उघड, नियमात बसणारी सोय असावी. कारण छोट्या डॉक्टरला एकट्याने लढायला लावून मोठ्यांना मोकळे सोडणे ही स्पर्धा नव्हे.

अधिसूचनांनी हे होत नाही, हे २०२० ने सिद्ध केले. परिपत्रकांनी अर्धेच होते, हे २०२५ ने दाखवले. नंदनवनातल्या ज्या कुटुंबाच्या हप्त्यावर हा सगळा व्यवहार उभा आहे, त्याला करारातल्या आपल्या वाट्याच्या ओळी वाचण्याचा हक्क कायद्याने मिळाला पाहिजे.